एकशे चाळीस अंश

अंघोळीच्या पाण्यावरून आमच्या घरात रोज भांडण व्हायचं, आणि ते झाल्याशिवाय कोणाला अंघोळ झाल्यासारखं वाटत नसे. मागच्या पडवीत तीन दगडांची चूल, तिच्यावर तांब्याचा काळाठिक्कर हंडा आणि खाली नारळाच्या झावळ्या नि केळीची वाळकी पानं भडभडून पेटलेली. बाबांना पाणी असं लागायचं की अंगावर पहिला तांब्या घेतल्यावर तोंडातून शिवी निघाली पाहिजे. थोरल्या भावाला तेच पाणी सोसवायचं नाही, म्हणून तो विहिरीवर जाऊन दोन बादल्या डोक्यावर ओतून यायचा आणि बाबा त्याला न्यूमोनियाची धमकी द्यायचे. आई सगळ्यांत शेवटी, उरलेलं पाणी घ्यायची. तिला ते कसं लागतं, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. पाणी तापलं की नाही हे ठरवायचा अधिकार आत्याचा. ही बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी परत आलेली. घरातलं सोवळंओवळं, लोणची आणि न्याय ही तीन खाती तिच्याकडे होती. ती हंड्यात दोन बोटं बुडवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "झालं." या निकालावर अपील नव्हतं.

आमची वाडी निर्मळला, देवळापासून फार लांब नाही. वाडी म्हणजे केळी, नारळ, सुपारी, मधल्या वाफ्यांत मोगरा आणि कडेला पानवेली. विहिरीवर लाकडी रहाट होता. पहाटेपासून तो कुरकुरायला लागायचा, आणि त्याला बांधलेल्या मडक्यांतून पाणी पन्हळीत पडायचं, पन्हळीतून पाटात, पाटातून केळींच्या बुंध्याशी. तो आवाज थांबला की आम्हाला जाग यायची; चालू असताना आम्ही गाढ झोपायचो. स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जात असायच्या, आणि बटाटा घालून केलेलं बोंबलाचं भुजणं चुलीच्या कडेला रटरटत असायचं. आत्या मासळीला शिवायची नाही, पण भुजण्यात कोथिंबीर कमी पडली तर तिला माजघरातून वासानं कळायचं आणि ती तिथूनच ओरडायची.

रहाटाचा बैल हाकायचं काम बारक्याकडे होतं. तो चिंचोटीच्या डोंगराकडचा, बायको आणि मुलगी घेऊन आमच्या वाडीच्या कोपऱ्यात कुडाच्या खोपटात राहायचा. मुलीचं नाव लखमी, माझ्याच वयाची. आम्ही दोघी पाटात पाय सोडून बसायचो, एका बोराचे दोन तुकडे करून खायचो, पण तिच्या हातचं पाणी आमच्याकडे चालत नसे. म्हणजे असं, की आमच्या सगळ्या वाडीचं पाणी बारक्याचा बैल उपसायचा ते चालायचं. तेच पाणी बारक्याच्या बायकोनं घागरीत भरून आणलं की चालायचं नाही. बैलाची जात कोणी विचारली नव्हती. मला तेव्हा हे सगळं अगदी सरळ वाटायचं. आज माझी नात विचारते, "पण आजी, त्यात लॉजिक काय होतं?" मी तिला सांगते, लॉजिक आत्याकडे होतं आणि ती गेली.

गोळे मास्तर शाळेत आले ते घाटावरून. बारीक चणीचे, चष्मा लावणारे, कधीही आवाज न चढवणारे. आमच्याकडे मास्तर म्हणजे छडी आणि खेकसणं अशी समजूत असल्यामुळे लोकांना ते आजारी आहेत असं वाटलं. आल्या आल्या ते गावभर फिरले आणि शाळेत न येणारी मुलं शोधून काढली. आमच्या वाडीत येऊन त्यांनी बारक्याला सांगितलं, "मुलीला उद्यापासून पाठव." बारक्यानं बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे. नायतरी इथं बोरंच खाते." असं लखमीचं नाव शाळेत लागलं. ती इतरांबरोबर सतरंजीवर बसायला लागली तेव्हा चार दिवस कुजबुज झाली, मग थांबली. पाण्याचा प्रश्न मात्र आधीच सुटलेला होता. शाळेच्या कोपऱ्यात माठ होता, त्याला हात लावायचा फक्त दिनूनं, कारण तो आमच्या जातीच्या पुढाऱ्याचा, बाबूकाकांचा, नातू. तहान लागली की बाकीच्यांनी ओंजळ करून उभं राहायचं आणि दिनू लांब दांड्याच्या ओगराळ्यानं वरून पाणी सोडायचा. त्याला या कामाचा एवढा गर्व होता की आवडत्या मुलांना तो जास्त पाणी द्यायचा.

एक दिवस मास्तर वसईहून कापसात गुंडाळलेली काचेची नळी घेऊन आले. तिच्या पोटात पाऱ्याची केसाएवढी रेघ होती आणि बाजूला फॅरनहाइटचे आकडे. "हा उष्णतामापक," ते म्हणाले. त्यांनी तो आम्हाला एकेकाला धरायला दिला. आम्ही सगळ्यांनी तो श्वास रोखून धरला, इनासनं तर डोळे मिटून. इनास हा चर्चच्या बाजूच्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा. पुढचे काही दिवस मास्तरांनी आम्हाला नळी घेऊन गावभर फिरवलं. आम्ही विहिरीचं पाणी मोजलं, उन्हातली वाळू मोजली, केळीच्या सावलीतला चिखल मोजला, इनासच्या घरच्या डुकरिणीचा कान मोजला. पाऱ्याची रेघ नेमकी कुठे थांबली हे बघायला डोळा नळीच्या अगदी समोर धरावा लागतो, जरा वर किंवा खाली गेला की आकडा चुकतो. आम्ही ढकलाढकली करायचो. लखमी मात्र गुडघे टेकून बसायची, एक डोळा मिटायची आणि हलायची नाही. तिला तेवढ्या एका गोष्टीचं वेड लागलं. बाकीच्या अभ्यासात ती माझ्याइतकीच सामान्य होती.

मग तो तीन भांड्यांचा पाठ झाला. मास्तरांनी घरून भांडी आणायला सांगितली. आईनं मला पितळी घंगाळ दिलं, आणखी दोघांनी दोन तपेली आणली. एकात गरम पाणी, एकात माठातलं गार आणि आमच्या घंगाळात दोन्हीचं मिश्रण. प्रत्येकानं डावा हात गरम पाण्यात धरायचा, उजवा गार पाण्यात, मास्तर म्हणेपर्यंत थांबायचं आणि मग दोन्ही हात एकदम घंगाळात घालायचे. मी घातले आणि किंचाळले. डावा हात म्हणत होता पाणी गार आहे, उजवा म्हणत होता गरम आहे, आणि दोन्ही हात माझेच होते. सगळ्यांचं तसंच झालं. दिनूनं दोनदा करून बघितलं आणि घंगाळ बिघडलंय असा निर्वाळा दिला. मास्तरांनी पाण्यात नळी बुडवली, लखमीनं आकडा वाचला. मास्तर म्हणाले, "पाणी एकच आहे. तुमचा हात आधी कुठे होता, त्याप्रमाणे तो बोलतो. म्हणून हाताची साक्ष घ्यायची नाही, नळीची घ्यायची." मला ते वाक्य एवढं आवडलं की आत्याच्या दोन बोटांचं कसं होणार या विचारानं मी वर्गातच हसायला लागले.

संध्याकाळी घंगाळ घरी नेलं. आत्या दारातच उभी होती.

"कोनीकोनी हात घातले यात?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले. मला वाटलं तिला प्रयोगात रस आहे. "डावा आधी गरम पान्यात घालायचा गं, आनि उजवा..."

"सगळ्यांनी म्हंजे? बारक्याच्या पोरीनं पन?"

"तिनं तर तीनदा. तिलाच आकडा वाचता येतो नीट."

आत्या ओरडली नाही. तिनं मला घंगाळ अंगणातल्या फणसाखाली ठेवायला लावलं, माझ्यावर तुळशीचं पाणी शिंपडलं, आणि मला खायला दिलं. रात्री बाबा जेवायला बसले तेव्हा घंगाळाची बातमी बाबूकाकांकडे पोचून परतही आली होती. बाबूकाका आमच्या जातीतले वडीलधारे. देवळाच्या पालखीपासून वाटणीच्या बांधापर्यंत सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांनी निरोप पाठवला होता की बारक्याची पोर उद्यापासून शाळेत नको. आणि मास्तर ऐकत नसतील, तर आपली सगळी पोरं घरी बसतील, आणि बारक्यानं दुसरीकडे काम बघावं. बाबा म्हणाले, "आता रहाट कोन हाकनार?" त्यांचं दुःख एवढंच होतं. मी ताटातला घास नुसता कुस्करत बसले. आईनं माझ्याकडे बघितलं आणि ताटातली भाकरी काढून घेतली.

सकाळी बाबूकाका, त्यांच्याबरोबरचे दोघे आणि ज्यांचं घंगाळ म्हणून बाबा, असे चौघे शाळेत आले. कुडाबाहेर बारक्या उभा होता, लखमीचं मनगट धरून, तिला न्यायला आलेला. अस्पृश्यतेबद्दल सरकारचा कायदा काय म्हणतो हे मास्तरांना माहीत होतं आणि बाबूकाकांनाही माहीत होतं, त्यामुळे तो विषय दोघांनीही काढला नाही. इनासनंही त्याच पाण्यात हात घातले होते, पण इनासच्या बापाकडून गावाला केळीची रोपं मिळायची, त्यामुळे तो विषयही निघाला नाही.

"मास्तर, विटाळ झाला," बाबूकाका म्हणाले.

"कोणत्या पाण्याला?" मास्तरांनी विचारलं.

"कोनत्या म्हंजे?"

"भांडी तीन होती. गरम, गार आणि कोमट. कोणत्याला झाला ते कळलं तर बरं."

मास्तरांच्या चेहऱ्यावर चेष्टेची रेघही नव्हती. बाबूकाकांनी विचार केला. ते न्यायी माणूस होते, उगाच जास्तीचा विटाळ लावणारे नव्हते. "गरमाला नाय," ते म्हणाले. "विस्तवावरचं पानी. विस्तव सगळं शुद्ध करतो."

"म्हणजे पाणी तापवलं की विटाळ जातो?"

"जातोच."

"मग प्रश्न मिटला. शाळेत रोज पाणी तापवून घेऊ. सगळी मुलं तेच पितील, ही मुलगीसुद्धा. फक्त किती तापवायचं ते तुम्ही सांगा." मास्तरांनी कापसातून नळी काढली. "किती अंशांवर विटाळ जातो?"

चौघे एकमेकांकडे बघायला लागले. हे आतापर्यंत कोणी विचारलं नव्हतं. बरोबरच्यांपैकी एक म्हणाला, हाताला चटका बसेल एवढं. दिनू मागून ओरडला, "हाताची साक्ष चालत नाय!" आणि आजोबांनी वळून बघितल्यावर खाली बसला. मास्तरांनी सांगितलं, पाणी उकळतं दोनशे बारा अंशांवर. बाबूकाका म्हणाले, मग दोनशे बारा. दुसरा म्हणाला, एवढी लाकडं कोन देनार रोज? त्यावर भोपळ्याच्या भावासारखी घासाघीस सुरू झाली. खाली येत येत बाबा शंभरावर आले.

"शंभराच्या जवळपास आपल्या अंगाचीच उष्णता असते," मास्तर म्हणाले.

"कोनाच्या?"

"सगळ्यांच्याच."

बाबूकाकांनी कुडाबाहेर नजर टाकली. "हिच्या पन?"

"तिच्याही. तुमच्याएवढीच."

बाबांना खोकला आला. मग बाबूकाका म्हणाले की शंभर नको. ते जरा जास्तच जवळ होतं. शेवटी एकशे चाळीस ठरलं. का, ते कोणीच सांगू शकलं नसतं, पण सगळ्यांना आकडा भारदस्त वाटला.

आता आकडा वाचायचा कोणी, हा प्रश्न आला. मास्तरांनी नळी बाबूकाकांपुढे धरली. त्यांना काच दिसली, पारा दिसला नाही. बाकीच्या तिघांनाही दिसला नाही. मास्तर म्हणाले, "मी वाचला तर उद्या म्हणाल मास्तर लबाड. दिनू, वाच." दिनूनं नळी आडवी-उभी करून बघितली आणि सहाशे सांगितले. मास्तरांनी लखमीला आत बोलावलं. बारक्यानं तिचं मनगट सोडलं नाही, तिच्याबरोबर तोही दोन पावलं आत आला. ती गुडघ्यांवर बसली, एक डोळा मिटला आणि आकडा सांगितला. "बघण्यानं तर विटाळ होत नाही ना?" मास्तरांनी विचारलं. बाबूकाकांनी याही गोष्टीवर विचार केला आणि बघण्यानं होत नाही असं सांगितलं. मग बारक्यानं हात सोडला. तो इतका घट्ट धरलेला होता की मनगटावर बोटं उमटली होती.

अशा रीतीनं ज्या मुलीमुळे विटाळ झाला होता, तो गेला की नाही हे सांगायचं काम तिच्याकडेच आलं. आत्यानं घंगाळ परत घ्यायला नकार दिल्यामुळे ते शाळेचं झालं आणि पाणी त्यातच तापायला लागलं. मोठी मुलं लाकडं आणायची, दिनू जाळ घालायचा, लखमी नळी दोरीनं पाण्यात सोडून वाकून बघायची, आणि एकशे चाळीस झाले की मोठ्यानं पुकारायची. त्यानंतर पाणी निवण्याची वाट बघावी लागायची, आणि निवता निवता शाळा सुटायची. आम्हाला जेवढी तहान त्या काळात लागली तेवढी पुढे कधीच लागली नाही. मागे करोनाच्या साथीच्या वेळी आमच्या इमारतीच्या फाटकावरचा पोरगा बंदुकीसारखं यंत्र कपाळाकडे धरायचा. मी दर वेळी त्याला विचारायचे, किती आलं? तो म्हणायचा, "नॉर्मल है आंटी." आकडा त्यानं मला एकदाही सांगितला नाही. मला अशा वेळी लखमीची फार आठवण यायची.

होळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी घोटाळा झाला. शाळेची सगळी लाकडं गावच्या होळीत गेली होती. ती दिनूनंच नेली होती, पण त्याचं म्हणणं होतं की पुण्याच्या कामाला नेलेलं चोरीत धरत नाहीत. घंगाळ भरलेलं, चूल थंड, ऊन असं की कौलं तडतडत होती. लहान मुलं रडायला लागली होती. मास्तर बाहेर आले, घंगाळाकडे बघून उभे राहिले. नियम त्यांनीच घालून घेतला होता, आणि तो मोडला तर लखमीचं काय होईल हे त्यांना कळत होतं. तेवढ्यात लखमी उठली. रोजच्यासारखी नळी पाण्यात सोडली, थांबली, गुडघ्यांवर बसून एक डोळा मिटला. मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. पारा ऐंशीच्या थोडा वर होता.

"एकशे चाळीस," लखमीनं पुकारलं.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. नळीची साक्ष खरी म्हणून शिकवणारा माणूस तो. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला आणि म्हणाले, "झाले ना? मग वाढा." आम्ही सगळे त्या पाण्यावर तुटून पडलो. दुसऱ्या दिवशीही लाकडं आली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही एकशे चाळीस झाले. मग लाकडांची चौकशी करायचं सगळेच विसरले. पाणी कसं लागतंय हे प्रत्येकाला कळत होतं, पण हाताच्या आणि जिभेच्या साक्षीचं मास्तरांनी काय सांगितलंय हेही सगळ्यांना पाठ होतं.

चैत्रात एका दुपारी, शाळा सुटायच्या बेताला, बाबूकाका वसईच्या बाजारातून पायी परतत होते. डोक्यावर पंचा, पायांत काही नाही. ते शाळेच्या पायरीवर येऊन टेकले आणि म्हणाले, "पानी." दिनूला वाटलं आजोबा होळीच्या लाकडांसाठी आलेत, तो मागच्या खिडकीतून पसार झाला. चुलीत विस्तव नव्हता. गार राखेत एक कुत्रं अंग पसरून झोपलेलं होतं, आणि बाबूकाका अगदी त्याच्यासमोर बसले होते. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं. घंगाळाकडे बघितलं. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते लखमीशी थेट बोलले.

"किती झालं गं?"

एका शब्दावर तिची शाळा जाणार होती, बापाचं काम आणि वाडीतलं खोपटंही. आणि मला काहीही करता येत नव्हतं. तिनं नळी बुडवली, वाट बघितली, एक डोळा मिटला. काहीच घाई केली नाही.

"एकशे चाळीस, काका."

बाबूकाकांनी ओंजळ पुढे केली. ओगराळं घ्यायला दिनू नव्हता. मास्तर फळ्याजवळ होते ते तिथेच राहिले. लखमीनं आमच्याकडे एकदा बघितलं, ओगराळं उचललं, बुडवलं आणि म्हाताऱ्याच्या ओंजळीत पाणी सोडलं. त्यानं ते तोंडाशी नेलं आणि मध्येच थांबला. मग त्या गार पाण्यावर त्यानं हलकेच फुंकर घातली. पुन्हा एकदा घातली. आणि प्याला.

"जरा निवू द्यायचं होतं, पोरी," बाबूकाका म्हणाले, आणि ओंजळ परत पुढे केली.